गडग्यावरची ओलीबाई

"कळलं का बाई? भाडेकरू आला."

सकाळचे साडेसात वाजले होते. मी जास्वंदीची फुलं काढत होते आणि पलीकडे अक्का सुपातली आमसुलं गडग्यावर पसरत होत्या. आमच्या आणि त्यांच्या आगरामध्ये कमरेइतका चिऱ्यांचा गडगा आहे. मे महिन्यात त्याच्यावर आमसुलं, आंबापोळी, मिरच्या आणि अख्ख्या वाडीच्या बातम्या वाळत पडलेल्या असतात.

"कुठे?" मी विचारलं. आमच्या पाखाडीतली निम्मी घरं कुलूपबंद आहेत. भाडेकरू म्हणजे मोठीच बातमी.

"त्या मोठ्या घरात हो. तीसेक खोल्या आहेत. उन्हाळ्यापुरतं घेतलंन. लेखक आहे म्हणे. साठी उलटलेली, एकटा जीव, स्वभावाने तिरसट. त्याला पोरं नकोत, मांजर नको, आवाज नको. आणि करारात बारीक अक्षरात काय असावं? घराबरोबर एक मुलगा आणि एक मांजर!"

"मुलगा कुणाचा?"

"घरमालकाचाच. अकरा वर्षांचा आहे. आईबाप त्याला टाकून युरोपात गेले भाषणं द्यायला." अक्कांनी एक आमसूल जरा जोरातच चिऱ्यावर आपटलं. "आणि माडीवर म्हातारी."

"मग ठीक आहे की. म्हातारी तरी आहे ना पोराकडे बघायला."

"आहे हो. पण मेलेली आहे."

मी परडी गडग्यावर ठेवली. अक्कांच्या पाठीमागे पडवीच्या झोपाळ्यावर पुण्याहून आलेली नात, मुक्ता, तोंडावर पुस्तक धरून हसत होती. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मोठं घर, भाडेकरू आणि म्हातारी, सगळं त्या पुस्तकातलं होतं.

झालं होतं असं. मुक्ता सुट्टीला येताना इंग्रजी पुस्तकांची एक चळत घेऊन आली. मालिकेचं नाव 'फॉर्टीथ्री ओल्ड सिमेटरी रोड', म्हणजे सरळ मराठीत '४३, जुना स्मशान रस्ता'. एकूण सात पुस्तकं, पहिलं २००९ सालचं आणि शेवटचं २०१५ सालचं. लिहिणारी केट क्लाइस, चित्रं काढणारी एम. सारा क्लाइस, आणि दोघी सख्ख्या बहिणी. अक्कांना इंग्रजी येत नाही. म्हणून मुक्ता रात्री दिवे गेल्यावर (आमच्याकडे ते जातातच) आजीला गोष्ट मराठीत सांगते, आणि सकाळी अक्का ती गडग्यावर आणतात. मध्ये रात्रभर ती अक्कांच्या पोटात मुरते. त्यामुळे माझ्यापर्यंत येणारी गोष्ट थोडी क्लाइस बहिणींची आणि थोडी अक्कांची असते.

भुताचं नाव ऑलिव्ह सी. स्पेन्स. दोन दिवसांत तिची ओलीबाई झाली. भाडेकरू इग्नेशियस बी. ग्रम्प्ली याचं अक्कांनी बारसं केलं: गुरगुरे. मूळ नावातही तीच गुरगुर आहे, हे त्यांना कुणी सांगितलेलं नव्हतं.

या मालिकेत नावांची फार मजा आहे. जवळजवळ प्रत्येक नाव मोठ्याने म्हटलं की इंग्रजीत त्याचा दुसराच अर्थ निघतो. मुलाचं नाव सीमोर होप, म्हणजे आणखी आशा बघा. बापाचं लेस होप, म्हणजे कमी आशा. आई डायान होप, म्हणजे आशा मरायला टेकलेली. मुक्ताने हे समजावलं तेव्हा अक्का म्हणाल्या, "बापाचं नाव बरोबर आहे." घर भाड्याने देणारी दलालीण आहे अनिता सेल, म्हणजे मला बाई विक्री हवी. अक्कांचा पहिला प्रश्न: "अनिता? आपल्यातली कुणी लग्न होऊन तिकडे गेली का?" गावातल्या ग्रंथपालाचं नाव एम. बाम. तिथे तर त्यांची खात्रीच पटली. "बाम आपल्यातच असतात. कुठले, विचार." मढं टिकावं म्हणून त्यात मसाला भरतात त्याला इंग्रजीत काय म्हणतात, हे मुक्ताने सांगितल्यावर त्यांनी बाम मंडळींशी असलेलं नातं तात्पुरतं सोडलं. आणि पुस्तक छापणारी बाई पेज टर्नर! म्हणजे वाचकाला पानं उलटायला लावणारी. पण कोकणात पेज म्हटल्यावर दुसरं काय डोळ्यांपुढे येणार? "पेज ढवळणारी," अक्कांनी अर्थ लावला. "आजाऱ्याकडची असेल."

शब्दांवरच्या कोट्या भाषांतरात मरतात, असं मी वर्गात तीस वर्षं सांगत आले. मरतात खऱ्या. पण मग त्यांचं भूत होतं, हे मला यंदा कळलं.

दुसऱ्या दिवशी आमसुलांना रसाचं दुसरं पुट चढलं आणि ओलीबाईची पूर्वपीठिका आली. अक्का सालं रातांब्याच्या रसात बुडवून पिळत होत्या, मनगटापर्यंत हात लाल. त्या हातांनी भुताची गोष्ट ऐकायला वेगळीच शोभा येत होती.

"तिने बाई, जन्मभर रहस्यकथा लिहिल्यान. एकसुद्धा कुणी छापली नाही. सगळ्यांनी परत पाठवल्यान. मग मरताना म्हणालीन, माझं पुस्तक छापून येईपर्यंत मी हे घर सोडणार नाही. आता शंभर वर्षं होत आली, बसली आहे माडीवर."

"वासना राहिली," मी म्हटलं.

"वासना राहिली ते कळलं. पण पुस्तकाची?" अक्का थांबल्या. "आपल्याकडे कुणाचं लग्न राहतं, कुणाचं पोर राहतं, कुणाची जमीन भाऊबंद खातात. बाळंतपणात गेली ती हडळ, मुंज होऊन लग्नाआधी गेला तो मुंज्या. पुस्तक छापलं नाही म्हणून भूत व्हायला लागली माणसं, तर पुण्यात पाय ठेवायला जागा उरेल का?"

यावर मी काही बोलले नाही. का, ते पुढे येईल.

तर ओलीबाई गुरगुऱ्यांना घालवू बघते. दारं आपटते, पियानो वाजवते, चिठ्ठ्या लिहिते. गुरगुऱ्यांना वाटतं, हा सगळा त्या पोराचा चावटपणा. गंमत अशी की गुरगुरे स्वतः भुतांच्याच पुस्तकांवर नावारूपाला आलेले, पण वीस वर्षांत एक ओळ लिहून झालेली नाही आणि भुतावर तर विश्वासच नाही. मुलाचे आईबाप त्यांच्यावर कडी. दोघेही भुताखेतांचे संशोधक. भुतं नसतात असा त्यांचा सिद्धांत, आणि पोटच्या पोरालाच म्हातारी दिसू लागली. सिद्धांत मोडायला आला. मग सिद्धांत ठेवला आणि पोरगा टाकला. इथे अक्कांनी जे शब्द वापरले ते मासिकात छापता येणार नाहीत.

"आणि त्याला जेवूखाऊ कोण घालतं? सोबत कोण करतं? ती मेलेली!" एवढं मात्र छापते.

तिसऱ्या दिवशी मी मुक्ताकडून पहिलं पुस्तक मागून घेतलं. नाव 'डाइंग टू मीट यू', म्हणजे तुला भेटायला जीव चाललाय. भुताच्या तोंडी हे वाक्य घातलं की त्याचे दोन अर्थ होतात. दुपारी खिडकीशी बसले आणि चहाच्या वेळेपर्यंत संपवलं. त्यात गोष्ट अशी कुणी सांगतच नाही. जवळजवळ सगळं पुस्तक पत्रांचं. गुरगुऱ्यांचं दलालिणीला पत्र, वकिलाचं गुरगुऱ्यांना, पेजबाईंचं तगादा लावणारं, मधे भाडेकरार, मधे 'द घास्टली टाइम्स' नावाच्या गावच्या वर्तमानपत्राचं पान. गाव अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यातलं, नाव घास्टली, म्हणजे भेसूर. प्रत्येकाच्या पत्राचा कागद वेगळा, अक्षर वेगळं, आणि त्यात काळ्या शाईतली चित्रं. मूल पुस्तक उघडतं तेव्हा त्याला धडा दिसत नाही, कुणाचा तरी टपालाचा गठ्ठा हाती लागल्यासारखं वाटतं. आणि दुसऱ्याची पत्रं वाचू नयेत असं घरात सांगितलेलं असल्यामुळे ते एका बैठकीत वाचून काढतं.

मी शाळेत शिकवत असताना धडा वाचा म्हटलं की मागच्या बाकावरची पोरं छताकडे बघायची. पण एकाने दुसऱ्याला सारलेली चिठ्ठी मी जप्त केली की अख्खा वर्ग ती वाचायला टपलेला असायचा. बहिणींनी हेच ओळखलं असावं. १९९८ सालचं त्यांचं 'रिगार्डिंग द फाउंटन' हेसुद्धा पत्रांचंच पुस्तक. एक बहीण मिसुरीत राहते, दुसरी कॅलिफोर्नियात.

आणि सीमोर सोडला तर भूत कुणाला दिसत नाही, बोलत नाही, पण लिहितं, हे किती सोयीचं! पानावर तिघंही सारखेच. जिवंत म्हातारा, टाकलेला पोरगा आणि मेलेली बाई, सगळ्यांचं अस्तित्व कागदावरचंच. शेवटी तिघं मिळून पुस्तक करतात. गुरगुरे आणि ओलीबाई लिहितात, सीमोर चित्रं काढतो.

"म्हणजे छापलं?" अक्कांनी गडग्यावरून विचारलं. त्यांची गोष्ट अजून तिथवर आली नव्हती. सांगून टाकलं म्हणून त्या माझ्याशी संध्याकाळपर्यंत बोलल्या नाहीत.

संध्याकाळी आल्या त्या आपल्या भुतांची बाजू घेऊन. अक्कांचं माहेर शिरोड्याजवळचं. आरवलीचा वेतोबा त्यांच्या अगदी घरचा. तो रात्री गावाची राखण करत फिरतो म्हणून त्याला नवसाला भल्यामोठ्या चामडी चपला वाहतात, आणि त्या देवळात ठेवल्या ठेवल्या झिजतात. केळ्यांचे घड वाहतात ते वेगळेच.

"तुमच्या ओलीबाईला काय, नुसती शाई! आमच्या वेतोबाला चपला लागतात. त्याची गोष्ट का नाही लिहीत कुणी अशी सात-सात पुस्तकांत?"

"वेतोबा देव आहे, अक्का. भूत नव्हे."

"भुतांचाच राजा ना? मग?"

त्यांच्याकडे कोठारच आहे. मुंज्या, समंध, खवीस, झोटिंग, पाण्यातला गिऱ्हा, वाट चुकवणारा चकवा. प्रत्येकाचा पत्ता ठरलेला, पोशाख ठरलेला, खोड ठरलेली. त्यांचे यजमान एकदा रात्री बाजारातून निघाले आणि पहाटेपर्यंत एकाच शेताभोवती फिरत राहिले, तो चकवाच, यावर अक्का ठाम आहेत. ते बाजारात कुठे बसले होते, याची चौकशी त्यांनी कधी केली नाही.

आपल्याकडे चित्रांची भूतमालिका नव्हतीच असं मात्र नाही. 'चांदोबा' होता ना! मद्रासहून १९४७ साली 'चंदामामा' निघाला, त्याचा हा मराठी भाऊ. त्यातला विक्रम आणि वेताळ म्हणजे महिन्याचं भूत घरपोच. मूळ गोष्टी पंचवीस, पण 'चांदोबा'ने शेकड्यांनी घडवल्या. आणि ते चित्र! हातात तलवार, खांद्यावर प्रेत, मागे स्मशान. काढणारे शंकर, म्हणजे के. सी. शिवशंकरन. २०२० साली वयाच्या ९७व्या वर्षी ते गेले तेव्हा मी अक्कांना सांगायला गडग्यापर्यंत आले होते. त्या म्हणाल्या, "म्हणजे ते चित्र माणसाने काढलेलं होतं?" तेव्हा मी हसले होते. आता वाटतं, चित्रकाराला याहून मोठी दाद कुठली मिळणार?

पण वेताळ विनोदी नव्हता. तो परीक्षक होता. माहीत असून उत्तर दिलं नाहीस तर डोक्याची शकलं होतील म्हणणारा. मी मास्तरीण, मला तो जवळचा वाटायचा. पोरांना वाटत असेल असं नाही. हसवणारी भुतावळ म्हटली की मला रत्नाकर मतकरींच्या 'अलबत्या गलबत्या'तली चिंची चेटकीण आठवते, पण ती रंगमंचावरची. बंगालीत शीर्षेन्दु मुखोपाध्यायांनी सत्तरच्या दशकापासून मुलांसाठी 'अद्भुतुडे' मालिकेत भुतांची नुसती धमाल उडवून दिली. आणि आपल्याकडे? पिंपळापिंपळावर मुंज्या बसलेला आणि पुस्तकाच्या दुकानात मुलांच्या फळीवर परदेशी भुतं. मी हे तावातावाने बोलत होते. अक्का आमसुलं उलटत ऐकत होत्या. पाचवं पुट होतं.

दुसऱ्या दिवशी मुक्ता वही घेऊन गडग्याशी आली.

"बाई आजी, मराठी पत्रात वर काय लिहितात?"

"कुणाला लिहायचंय?"

"वळणावरच्या पिंपळावरच्या मुंज्याला."

तिचं म्हणणं, सीमोर ओलीबाईला पत्र लिहू शकतो तर ती मुंज्याला का नाही लिहू शकत? अडचण मायन्याची होती. मुंज्या गेला तेव्हा आठ वर्षांचा, म्हणजे मुक्ताहून लहान. मग 'चि.' लिहायचं आणि आशीर्वाद द्यायचे. पण तो आहे निदान दीडशे वर्षांचा, म्हणजे 'ती.' आणि साष्टांग नमस्कार.

"चि. कसं लिहिशील?" अक्का म्हणाल्या. "चिरंजीव असता तर मुंज्या झाला असता का?"

"मग कै.?"

"कैलासात कुठे आहे? पिंपळावर आहे. कैलासवासी म्हटलं तर चिडेल. तिथे पोचला नाही हेच तर त्याचं दुःख."

तीस वर्षं पत्रलेखन शिकवलं, पाच गुणांचा प्रश्न, पण हे मला कुणी विचारलं नव्हतं. शेवटी 'श्री. मुंज्या यांस, सा. न. वि. वि.' यावर तडजोड झाली. पत्र छोटंच होतं. तुला तिथे कंटाळा येतो का, तुझी मुंज कशी झाली, जेवायला काय होतं, सोबत माझं चित्र पाठवते आहे. चित्रात पिंपळ आणि त्यावर सोडमुंज न झालेला, लंगोटी लावलेला, पाय हलवत बसलेला पोरगा. चेहरा रिकामा सोडलेला. "तो कसा दिसतो ते त्याने कळवल्यावर काढीन," ती म्हणाली.

मी घरात गेले आणि पलंगाखालची ट्रंक ओढली.

आता ते मघाचं. ट्रंकेत एक फाइल आहे. वळणावरच्या मुंज्याच्या चौदा गोष्टी, मी नोकरीत असताना लिहिलेल्या, वर्गात सांगून सांगून घासलेल्या. एका प्रकाशकाकडे पाठवल्या होत्या. अकरा महिन्यांनी परत आल्या. पहिल्या पानावर चहाच्या कपाचं वर्तुळ आणि सोबत दोन ओळी: मुलांना भुताच्या गोष्टी देऊ नयेत, पालक घेत नाहीत. मी फाइल ट्रंकेत टाकली ती टाकलीच. मालिकेच्या दुसऱ्या पुस्तकात डिक टेटर नावाचा गृहस्थ येतो, नाव घाईने म्हटलं की हुकूमशहा. तो मुलांच्या भल्यासाठी म्हणून भुताच्या गोष्टींवर बंदी घालतो, पोराला अनाथाश्रमात आणि गुरगुऱ्यांना वेड्यांच्या इस्पितळात धाडतो. पुस्तकाचं नाव 'ओव्हर माय डेड बॉडी', म्हणजे आपल्याकडे 'माझं मेलेलं तोंड बघशील' म्हणतात तसलं काहीतरी. तो भाग मुक्ता सांगत होती तेव्हा मला डोळ्यांपुढे त्या चहाच्या कपाचं वर्तुळच दिसत होतं.

फाइल गडग्यावर ठेवली. अक्कांनी लाल हात पदराला पुसले, पुसूनही लालच राहिले, आणि पहिलं पान उलटलं. त्या वाचताना ओठ हलवतात. दोन पानं झाली, तीन झाली. मधे एकदा फिस्सकन हसल्या. ऊन चढलं तरी आमसुलं हलवायची राहिली.

"हे केव्हा लिहिलंत?"

"झाली वीस-बावीस वर्षं."

"आणि मला सांगितलं नाहीत? अख्ख्या गावाच्या गोष्टी या गडग्यावरून गेल्या आणि ही एक ट्रंकेत?" त्या खरोखरच रागावल्या होत्या. मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "बाई, हे छापून घ्या. तुमची माडी नाही, घर कौलारू. वासना राहिली तर तुम्ही बसणार कुठे? माझ्याच गडग्यावर. मला आमसुलं वाळवायची असतात."

मुक्ताने फाइल आधीच ओढली होती. ती दुसऱ्या गोष्टीपर्यंत पोचली होती आणि पेन्सिल शोधत होती.

जूनच्या पहिल्या आठवड्यात ती पुण्याला गेली. आमसुलं बरणीत गेली. चौदापैकी सात गोष्टी पोर घेऊन गेली आहे. चित्रं काढून पाठवणार, टपालानेच, फोनवर फोटो नाही, अशी तिची अट आहे. आतापर्यंत दोन आली. दोन्ही सुरेख आहेत. पण मुंज्याच्या शेंडीला गाठ असावी की नसावी यावर अक्का आणि ती यांचं एकमत झालेलं नाही, त्यामुळे तिसरं अडलं आहे.